सत्तर-दोनशे नसेल तर खेळाचे फोटो काढूच नयेत?

बाजूच्या गावातल्या एका पोराने मला एक पोस्ट पाठवली. फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती बरेच दिवसांपासून फिरते आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी नुसते हात जोडलेले. तिच्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खेळाचे फोटो काढायचे तर फुल फ्रेम बॉडी (फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा) हवीच. लेन्स ७०-२०० एफ २.८ (७० ते २०० एमएमची झूम; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), दुसरी चालत नाही. मेगापिक्सेल चोवीसच्या वर पाहिजेत. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा) १६०० च्या पुढे नेला की फोटो कचऱ्यात. जुना कॅमेरा घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. आणि एवढं परवडत नसेल तर नाद सोडा, चांगला मोबाइल घ्या.

पोरगा कबड्डीतला. गुडघा गेला म्हणून आता मैदानाच्या कडेला बसतो. पोस्टखाली त्याने लिहिलं होतं, "भाऊ, हे खरं हाय काय? मंग आमी का कराव?"

आधी हिशेब आमच्या मापात करू. ही लेन्स नवी घ्यायची तर एकटीच दोन लाखांच्या घरात जाते, बॉडी वेगळी. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. म्हणजे नुसत्या लेन्ससाठी २७ क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरले तर पाच-साडेपाच एकरांचं सगळं पीक, तेही बियाणं, फवारणी आणि वेचाईचे पैसे न कापता. मी आर्वीकडे स्टुडिओ चालवतो. लग्नं हा धंदा आणि कबड्डी, पट (बैलजोड्यांच्या शर्यती), कुस्त्या हा नाद. त्यामुळे या पोस्टचं उत्तर द्यायला मी तज्ज्ञ नसलो तरी मैदानाच्या कडेला बसून बूड झिजवलेलं आहे.

लेन्सपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. ७०-२०० चा सल्ला चुकीचा नाही. तो नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमसाठी आहे. तिथे फोटोग्राफरला जाहिरातींच्या पाट्यांमागे बसवतात, पुढे सरकू देत नाहीत. आमच्याकडे काय असतं? पांढऱ्या फक्कीने आखलेलं मैदान आणि रेषेपासून दोन हातांवर बसलेली पोरं. त्यांच्यात मांडी घालून बसलं तर कोणी उठवत नाही, उलट "भाऊ, माहा बी काढ" म्हणतात. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. शेवटच्या रेषेवर बसलं तर मध्यरेषा साडेसहा मीटरवर. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅननवर ५० एमएमची लेन्स त्या अंतरावर आडव्या फ्रेममध्ये साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच जागा घेते. म्हणजे चढाईवाला डोक्यापासून पायापर्यंत आणि त्याच्या घोट्यावर झेपावणारा एक गडी, दोघंही बसतात. पलीकडच्या अर्ध्यातली पकड हवी असेल तर ८५ एमएम. तिथे २०० एमएम लावून बसलात तर नाकपुड्यांचे फोटो मिळतील.

आता उजेड. रात्रीच्या सामन्याला आमच्याकडे बांबूला बांधलेले चार-सहा फ्लडलाइट असतात, जनरेटरवर चालणारे. अशा एका मैदानावर माझं माप बहुतेक वेळा एफ २, शटर सेकंदाचा १/५०० आणि आयएसओ ३२०० असं येतं. तिथेच किटसोबत मिळणारी ५५-२५० लावली तर ती लांबच्या टोकाला एफ ५.६ च्या खाली उघडत नाही. एफ २ पासून एफ ५.६ म्हणजे तीन स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा. तेवढा उजेड भरून काढायला एक तर शटर १/६० वर आणा, नाही तर आयएसओ २५,६०० वर न्या. १/६० ला कबड्डीवाल्याचा हात म्हणजे धुराचा लोट. लेन्सवर "आयएस" किंवा "व्हीआर" लिहिलेलं असतं त्याने तुमचा हात स्थिर होतो, समोरचा धावणारा थांबत नाही. हे मी दुकानात ग्राहकांना समजावून समजावून थकलो.

म्हणून रात्रीच्या कबड्डीला, व्हॉलीबॉलला, आखाड्याला माझं उत्तर ५० एमएम एफ १.८ हेच. कॅननची एसटीएमवाली नवी दहा हजारांच्या आसपास मिळते. तिचा फोकस जरा संथ आहे, ते खरं. पुढे पैसे आले की ८५ एमएम एफ १.८. कॅननची ही लेन्स १९९२ ची आहे, तरी तिचा फोकस अजून चपळ चालतो. निकॉनवाल्यांनी एक सांभाळायचं. जुन्या "डी" मालिकेच्या लेन्स स्वस्त मिळतात, पण डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथे त्या हातानेच फिरवाव्या लागतात. डी७२०० मध्ये मोटर आहे. उलट एएफ-पी ७०-३०० नवी असून डी९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी असे जोड लावले आणि डोक्याला हात लावून बसले.

दिवसाचा खेळ वेगळाच. शंकरपट घ्या. २०१४ च्या बंदीनंतर कितीतरी वर्षं पट नुसते आठवणीत राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम राहिला, तेव्हापासून पुन्हा गर्दी होते आहे. तळेगाव दशासरला दुपारच्या उन्हात जोडी सुटते तेव्हा उजेडाची काय कमी? कडक उन्हाचा जुना हिशेब आहे: एफ १६ वर शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ २०० ला एफ १६ वर १/२००, म्हणजे एफ ५.६ वर १/१६००. तेवढ्यात बैलाच्या खुराखालून उडालेलं ढेकूळसुद्धा हवेत थांबतं. तिथे ५५-२५० पुरून उरते. क्रॉपवर तिची पोच फुल फ्रेमच्या ४०० एमएमएवढी होते आणि वजन पावशेराच्या दीडपट. दोन लाखांची लेन्स त्या उन्हात तुम्हाला मागचं धूसर करून देईल, बाकी फारसं काही नाही. (पट काढताना समोरासमोर उभे राहू नका. बिथरलेली जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचंही ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार?)

फुल फ्रेमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठा सेन्सर जास्त उजेड घेतो, अंधारातल्या फोटोत दाणे (बारीक ठिपके) कमी दिसतात. किती कमी? क्रॉपपेक्षा साधारण सव्वा स्टॉप. आता हे बघा: एफ २.८ वरून एफ १.८ वर गेलं की उजेडही साधारण तेवढाच वाढतो. म्हणजे क्रॉप बॉडीवर ५० एफ १.८ लावून बसलेला पोरगा आणि फुल फ्रेमवर एफ २.८ लावून बसलेला साहेब, दाण्यांच्या बाबतीत जवळपास एकाच पंगतीला बसतात. झूमची सोय पोराकडे नाही, पण उठून दोन पावलं सरकायला पाय आहेत.

बॉडीत पैसा घालायचाच तर फोकस आणि वेग बघून घाला. कॅननच्या १५००डी मध्ये नऊ फोकस पॉइंट आणि सेकंदाला तीन फ्रेम. चढाईवाला मध्यरेषेला बोट टेकवतो तो क्षण दोन फ्रेमच्या मधे सहज निसटतो. ७०डी मध्ये १९ पॉइंट आणि सात फ्रेम, ७डी मार्क २ मध्ये ६५ आणि दहा. निकॉनच्या डी७२०० ला ५१ पॉइंट, सहा फ्रेम. हे सगळे क्रॉप. ७डी मार्क २ ची आणखी एक गोष्ट मला फार कामाची वाटते. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. १/५०० ला तुम्ही त्या लाटेचा पाचवाच भाग पकडता, म्हणून एकामागून एक काढलेल्या फ्रेममध्ये एक पिवळी, एक काळवंडलेली, एक ठीक असं येतं. मी सुरुवातीला कॅमेरा बिघडला समजून नागपूरपर्यंत गेलो होतो. २०१४ मध्ये आलेल्या ७डी मार्क २ मध्ये कॅननने पहिल्यांदा याची तोड दिली: दिवा तेज असेल त्या क्षणाची वाट पाहून शटर पडतं. नंतर ८०डी मध्ये आणि निकॉनच्या डी५०० मध्येही ही सोय आली. ज्यात नाही, त्याने आठ काढून तीन ठेवायचे.

मेगापिक्सेलबद्दल जास्त बोलत नाही. निकॉनचा डी२एच २००३ चा, खास खेळ आणि बातम्यांसाठी काढलेला, ४.१ मेगापिक्सेलचा. कॅननचा १डी मार्क २, २००४ चा, ८.२ चा. जगभरच्या वर्तमानपत्रांचे खेळाचे फोटो त्या काळात असल्याच कॅमेऱ्यांवर निघत. आठ मेगापिक्सेलची १२ बाय १८ ची प्रिंट भिंतीवर छान दिसते. गावच्या मंडळाला याहून मोठी हवी असते ती फ्लेक्सवर, आणि फ्लेक्स कोणी भिंग लावून बघत नाही.

आयएसओ १६०० ची लक्ष्मणरेषा कुठून आली देव जाणे. रंगीत रोलच्या दिवसांतली असावी. ३२०० चे दाणे पेपरच्या छपाईत दिसतही नाहीत, मोबाइलवर तर नाहीच. हललेला फोटो मात्र कुठल्याही छपाईत हललेलाच दिसतो. आणि कोणी सांगेल की फ्लॅश लावा, तर लावू नका. या बॉड्यांचा फ्लॅश १/२५० च्या पुढे सहसा साथ देत नाही, आणि चढाईत असलेल्या गड्याच्या डोळ्यांवर तो मारला तर पंच तुम्हाला मैदानाबाहेर काढेल. काढायलाच पाहिजे.

जुन्या कॅमेऱ्याबद्दलची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण मी स्वतः फसलो आहे. एका विक्रेत्याकडून संध्याकाळच्या वेळी ट्यूबलाइटखाली ७०-३०० घेतली. बाहेरून चकचकीत, झाकणं, पट्टा, सगळं. घरी टॉर्च लावून आत पाहिलं तर मधल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. परत नेली तर म्हणे, तुमच्याकडेच लागली असेल. एका रात्रीत! तेव्हापासून दिवसा जातो, टॉर्च घेऊन जातो आणि पुढून-मागून दोन्हीकडून बघतो. बॉडी घेताना पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहतो. शटर किती वेळा पडलं ते विचारतो. ७०डी चं शटर एक लाखासाठी, ७डी मार्क २ चं दोन लाखांसाठी बनवलेलं आहे आणि लग्नाच्या एका सीझनमध्ये माझीच बॉडी वीस-तीस हजार मारते. मग रस्त्यावर येऊन येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींवर फोकस धरून पाहतो. तो धरत असेल तर पैसे काढायचे.

पण एवढं करूनही जुनंच घ्या असं मी सांगतो. कारण साधं आहे. लग्नवाले व्हिडिओसाठी मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) गेले, कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर (आरसावाला कॅमेरा) आणला नाही, त्यामुळे चांगल्या बॉड्या कपाटात पडून आहेत. घेतल्यावर चामडी बॅगेत कोंबून ठेवू नका. श्रावणात आमच्याकडे भिंतीला पाणी सुटतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, झालं.

मोबाइल बक्षीस वाटपाला उत्तम.

पोस्ट जिथे बरोबर आहे तेही सांगतो. रात्रीची टेनिस बॉल क्रिकेट. सीमारेषेवरून खेळपट्टी पन्नास-साठ मीटर, दिवे तेच बांबूवरचे. तिथे ५० एमएममध्ये फलंदाज मुंगीएवढा येतो आणि ५५-२५० मध्ये अंधार. स्वस्त तोड नाही. २x कन्व्हर्टर (लेन्सची पोच दुप्पट करणारा जोड) लावू म्हणाल तर एफ ५.६ चा एफ ११ होतो आणि साध्या बॉडीचा फोकसच बंद पडतो. फायनलपुरती ७०-२०० एका दिवसाच्या भाड्याने आणा, मंडळाकडून आधी पैसे घ्या. बाकी दिवस सीमारेषेवरचा झेल, डगआउटमधला आरडाओरडा, स्कोअर लिहिणारा म्हातारा, हे काढा.

पोराने शेवटी जुना ७०डी आणि ५० एमएम घेतली. मागच्या आठवड्यात त्याने पहिल्या सामन्याचे फोटो पाठवले. एकात चढाईवाला आडवा पडलेला, घोट्याला दोघं लटकलेले, आणि त्याची दोन बोटं मध्यरेषेच्या फक्कीत रुतलेली. पांढरा भुरका नखांपर्यंत उडालेला दिसतो. खाली लिहिलं होतं, "भाऊ, मागच्याचा पाय कटला फोटोत."

मी लिहिलं, "दोन हात मागं सरकून बस."