खरखर, आठशे रुपये आणि ती काळी गिटार : दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला, रात्री शटर ओढल्यावर बायकोलाही वाचून दाखवला, ती म्हणाली उत्तर दे पण भांडू नकोस, म्हणून रात्री न लिहिता सकाळी लिहितोय. इथं बाकीचे लोकपण वाचतात म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. मे महिन्यात मुलीसाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायला आलात, बजेट २५ हजार. मुलीला आवडलेली काळी गिटार आम्ही दिली नाही, साधी यामाहा पॅसिफिका ०१२ गळ्यात मारली, वर सेटअपचे (तारांची उंची, सूर जुळवून द्यायचे) ८०० रुपये लावले, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) खपवायला बघितला. घरी तारा खरखरतात, आवाज पातळ येतो, मागं सारखं घुंऽऽ वाजतं, तीच गिटार ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त आहे, दुकानदार फोन उचलत नाही आणि काउंटरवरचा पोरगा उद्धट आहे. एक स्टार.

आधी आमचं जे चुकलं ते सांगतो. पोरगा उद्धट बोलला हे खरं आहे, मी त्याला विचारलं, तो म्हणाला मी फक्त "काका, तुम्हाला यातलं कळत नाही" एवढंच म्हणालो. आता हे "एवढंच" कसं काय होतं ते त्याला समजावलंय. माफ करा. ८०० रुपये बिल करताना सांगितले, आधी सांगायला हवे होते, तेपण चूक आमची. फोनचं म्हणाल तर आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते, गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या, पखवाज, वीणा सगळं एकदम येतं आणि सगळ्यांना दिंडी निघायच्या आत पाहिजे असतं, त्यात तुमचे दोन कॉल राहिले. कारण सांगितलं, पण परत फोन करायचा तो केला नाही, हे कबूल.

आता काळ्या गिटारचं. ती मी दिली नाही हे बरोबर आहे आणि आजपण देणार नाही. टोकदार अंगाची, वर फ्लॉइड रोजवाली. दिसायला जबरदस्त, मुलीनं आरशासमोर गळ्यात घातली तेव्हा तिचा चेहरा मीपण बघितला की. पण मग तिला खुर्चीत बसवून वाजवायला दिली तेव्हा काय झालं आठवतं का, एक टोक मांडीत रुतत होतं आणि गिटार सारखी घसरत होती, तिचा अर्धा जीव गिटार सावरण्यात. नवीन शिकणारं पोर रोज तासभर बसूनच वाजवणार ना, स्टेजवर उभं राहायला वेळ आहे अजून.

आणि फ्लॉइड रोज म्हणजे काय ते त्या दिवशी गडबडीत नीट सांगता आलं नाही. तो ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथं अडकवतात तो भाग) स्प्रिंगांच्या ताणावर तरंगत असतो आणि तारा वर नटपाशी (तारा ज्या खाचांतून जातात ती वरची पट्टी) आणि खाली ब्रिजमध्ये अशा दोन्हीकडं स्क्रूनं आवळलेल्या असतात. ज्याला हात बसलाय त्याच्यासाठी भारी वस्तू आहे, कितीपण ब्रिजचा दांडा हलवा, सूर जाग्यावर. पण नवख्यासाठी डोकेदुखी, कारण एक तार वर चढवली की ताण बदलतो आणि बाकीच्या पाच उतरतात, त्या लावल्या की पहिली परत बिघडते, आणि एक तार तुटली की सगळी गिटारच बेसूर. तार बदलायची तर अ‍ॅलन की (षटकोनी पाना) पाहिजे, तारेचं गोळीवालं टोक कापायला पाहिजे. वर स्वस्तातल्या गिटारवर जो येतो त्याची धातू मऊ, ज्या दोन खिळ्यांवर तो टेकतो तिथली धार झिजते आणि मग सूर टिकवण्यासाठी जी वस्तू घेतली तीच सूर टिकवत नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही याच दुकानात येऊन "गिटार ट्यूनमध्येच राहत नाही" म्हणाला असता आणि तो रिव्ह्यू मला खरोखर लागला असता.

पॅसिफिका साधी दिसते हे मान्य. पण त्या पैशात बघायचं काय असतं, तर हेडस्टॉकवरचं (वरच्या टोकावरचं) कंपनीचं नाव शेवटी. स्क्वायर फेंडरचाच ब्रँड आहे, एपिफोन गिब्सनचा, कॉर्ट आहे, आयबानेझची गिओ आहे, सगळ्यांत चांगले नग पण येतात आणि वाकडे पण येतात. म्हणून मी तुमच्यासमोर तीन गिटारींवर तेच तेच करत होतो आणि तुम्ही घड्याळ बघत होता. नेकच्या (गिटारच्या लांब मानेच्या) कडेवरून तळवा फिरवला, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचतात का बघायला. मग सहाही तारा एकेका फ्रेटवर वाजवल्या, कुठं आवाज मरतो का, आणि एका स्क्वायरवर १४व्या फ्रेटला पहिली तार मरत होती, ती मी तिथंच बाजूला ठेवली, आठवत असेल. मग तार जोरात ताणून सोडली आणि परत ट्यूनर लावला, किती उतरली बघायला. १२व्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) वाजवून तोच सूर दाबून वाजवला, दोन्ही जुळतात का. पॅसिफिका या सगळ्यात पास झाली, बाकी काही कारण नव्हतं, त्यात मला जास्त सुटतं असंपण नाही. शिवाय तिच्यात ब्रिजपाशी हंबकर आहे आणि पुढं दोन सिंगल कॉइल (हे सगळे पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारे चुंबक, हंबकर दोन कॉइलचा), म्हणजे मुलीला आत्ता जे जोराचं वाजवायचंय तेपण निघतं आणि पुढं कधी कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा ऑर्केस्ट्रात मोकळा स्वच्छ आवाज लागला तर तोपण निघतो.

आता ८०० चं. माझे वडील मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायचे, अख्खं आयुष्य तेच काम. घोडी केसाच्या मापानं घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तंबोरा कितीपण भारी असला तरी जवारी नीट नसेल तर तो बोलत नाही, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही आणि जवारी काढायला पैसे का घेता असं वडलांना कधी कुणी विचारलं नाही. गिटारचा सेटअप म्हणजे त्याच जातीचं काम, फरक एवढाच की तंबोऱ्यात ती झणझण मुद्दाम आणायची असते आणि गिटारमधली घालवायची असते. तुमच्या गिटारवर दीड तास गेला. नटच्या खाचा खोल केल्या, कारण खोक्यातून आलेल्या गिटारचा नट बहुतेक वेळा उंच असतो आणि पोरांची बोटं दुखतात, मग दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई, तिनं नेकचा बाक जुळवतात) बघितला, तारांची उंची १२व्या फ्रेटला दोन मिलिमीटरच्या आत आणली, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरपण सूर बरोबर लागणं) जुळवलं, पिकअपची उंची बघितली. ऑनलाइन दोन हजार स्वस्त आहे हे खरं असेल, मी वाद घालत नाही आणि तिथं घेऊ नका असंपण म्हणत नाही, आम्हीपण बाकीच्या वस्तू मागवतोच की. फक्त तिथं खोक्यात बंद गिटार येते आणि हे काम कुणाकडून तरी करून घ्यावंच लागतं. पन्नास हजाराची गिटार बिनसेटअपची आणि वीस हजाराची नीट लावलेली अशा दोन शेजारी ठेवा, मुलीला डोळे मिटून वाजवायला द्या आणि कुठली ठेवते बघा.

मग घरी खरखर का? ही आमचीपण थोडी चूक आहे. मी मे महिन्यात, सांगलीच्या त्या ४० डिग्रीच्या कोरड्या हवेत तारा खाली बसवल्या. आता पाऊस लागलाय, हवा दमट, लाकूड पाणी पितं आणि नेक किंचित हलते. नवीन गिटारला पहिल्या पावसाळ्यात हे व्हायचंच, घेताना "जुलैत एकदा आणून दाखवा" हे सांगायला पाहिजे होतं, राहिलं. खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर ट्रस रॉड थोडा सैल करायचा, दहा मिनिटांचं काम, आणि वरच्या, म्हणजे अंगाकडच्या फ्रेटवर असेल तर ब्रिजवर तारा जरा उचलायच्या. कुठं आहे ते मुलीला विचारून ठेवा. आणि एक विचारतो, रागावणार नाही, घरी कुणी व्हिडिओ बघून अ‍ॅलन की लावलेली नाही ना? लावली असेल तर आता थांबा, तशीच आणा.

दुसरं म्हणजे अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर थोडी खरखर ऐकू येतेच, अ‍ॅम्पमधून त्यातली बरीचशी येत नाही. यावरून अ‍ॅम्पवर येतो. २५ मध्ये मी गिटार, छोटा अ‍ॅम्प, केबल, पट्टा सगळं बसवत होतो, थोडं वर जात होतं ते सोडतो म्हटलं होतं. तुम्ही म्हणाला अ‍ॅम्प काढा, घरी होम थिएटर आहे. साहेब, खपवायला नव्हतो बघत. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अर्धं वाद्य, उरलेलं अर्धं अ‍ॅम्प. पिकअपमधून येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की होम थिएटरच्या इनपुटला लावला की त्याचा जीवच जातो, तो तुम्ही म्हणता तो "पातळ" आवाज. त्यात मुलगी मोबाइलवरून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावून वाजवत असणार. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही म्हणून ते डिस्टॉर्शन गोड लागतं, होम थिएटर सगळं सोडतं, म्हणून भांडी घासल्यासारखं वाटतं.

घुंऽऽ चं कारण वेगळं. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतं, सगळ्या कंपन्यांचं पकडतं, हंबकर निघालाच त्यासाठी. करून बघा, स्विच ब्रिजकडं टाकला की कमी होईल. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारचं वायरिंग ठीक आहे, हात लावल्यावर वाढत असेल किंवा बारीक झटका बसत असेल तर मात्र वाजवणं लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून घरचं अर्थिंग बघून घ्या. यात चालढकल नको, गिटार राहू दे बाजूला.

तर आता असं करू. दोन हजार परत देता येणार नाहीत, माझा खरेदीचा भावच तसा आहे. पण सेटअप पुन्हा करून देतो, याचे पैसे नाहीत, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की अजून एकदा, त्याचेपण नाहीत. अ‍ॅम्प आत्ता घ्यायचा नसेल तर माझ्याकडं दुकानात वापरातला एक दहा वॅटचा आहे, महिनाभर घेऊन जा, हेडफोन लागतो त्याला, शेजारीपण खूश. आवडला तर बघू, नाही तर परत आणा. सोमवारी बंद असतं, बाकी कधीपण चारनंतर या. येताना मुलीला आणा, एकटे नका येऊ, नेक कशी पाहिजे ते तिच्या हाताला कळतंय, तुमच्या माझ्या नाही. पोरगा चहा आणून देईल, त्याला तसं सांगून ठेवलंय.