गादीवर पडलं की लागत नाही, म्हणे!

'कुस्तीचं सत्य उघड!' असा मथळा आणि पुढे लाल दिव्यांची रांग. कुस्ती म्हणजे टीव्हीवरची, डब्ल्यूडब्ल्यूईवाली. हा मेसेज सध्या शाळकरी पोरांच्या गटांतून फिरतोय, सोबत एक क्लिप. डिचोलीला माझ्या बहिणीकडे तो नववीतल्या मुलाच्या वर्गाच्या गटातून पोचला आणि तिने मला पाठवला. खाली एकच ओळ: 'हे खरं का रे?'

मेसेजचं म्हणणं असं. 1998 साली अंडरटेकर या पैलवानाने पिंजऱ्याच्या छतावरून मॅनकाइंड या दुसऱ्या पैलवानाला फेकलं ती डमी होती, आणि डमी नसेल तर टेबलाखाली गादी होती. रिंगखाली स्प्रिंगा असतात, म्हणून कुणालाच काही लागत नाही. रक्त म्हणजे टोमॅटो सॉस, मारायच्या खुर्च्या बनावट, रिंगमध्ये पसरतात त्या पिना रबराच्या. अंडरटेकर मुळात दोन होते. कंपनीने हे सगळं 'नुकतंच' कबूल केलंय. आणि शेवटी: 'टेक्निक शिकलात तर घरी गादीवर हे सगळं सेफ आहे.' ही शेवटची ओळ नसती तर हसून सोडून दिलं असतं.

आधी ती डमी. तारीख 28 जून 1998, पिट्सबर्गचं सिव्हिक अरीना, कार्यक्रम किंग ऑफ द रिंग. हेल इन अ सेल म्हणजे रिंगभोवती आणि वरून लोखंडी जाळी, उंची 16 फूट. पहिला सेल सामना त्याआधी आठ-नऊ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 1997 मध्ये सेंट लुइसला झाला होता. त्यात शॉन मायकल्स पिंजऱ्याच्या बाजूवरून टेबलावर पडला, पण छतावरून नव्हे. मॅनकाइंड, म्हणजे 33 वर्षांचा मिक फोली, सामना सुरू व्हायच्या आधीच थेट छतावर चढला आणि अंडरटेकर त्याच्या मागून. काही क्षणांतच फोली खाली, स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर. 16 फूट म्हणजे 4.9 मीटर, एवढ्या उंचीवरून पडायला साधारण एक सेकंद लागतो आणि खाली पोचताना वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. टेबलाचा चुरा झाला, त्यात थोडा धक्का जिरला. बाकीचा फोलीच्या अंगात.

डमीवाल्यांनी यानंतरचा भाग पाहिलेलाच नसतो, कारण क्लिप तिथेच कापलेली असते. पुढे पिंजरा वर उचलला जातो, स्ट्रेचर येतं, फोलीला त्यावर घालून नेऊ लागतात. वाटेत तो स्ट्रेचरवरून उतरतो आणि पुन्हा जाळी चढायला लागतो. कॅमेरा सतत त्याच्यावर आहे. डमी जाळी चढते का?

दुसऱ्यांदा पडला ते जास्त भयंकर होतं, पण मेसेजात त्याचा उल्लेखच नाही. छतावर दोघांचं मिळून जाहीर वजन अडीचशे किलोच्या वर. ते चालतात तेव्हा जाळी पायाखाली वाकताना सरळ दिसते. अंडरटेकरने चोकस्लॅम, म्हणजे गळा धरून उचलून आपटायचा डाव, मारला, छताचा तो तुकडा सुटला आणि फोली थेट रिंगमध्ये कोसळला. पाठोपाठ वरची लोखंडी खुर्ची त्याच्या तोंडावर. ओठ फाटला, दात तुटला आणि तो तुकडा नाकपुडीपाशी जाऊन अडकला. कॅमेऱ्याने अगदी जवळून दाखवलंय. पहिलं पडणं ठरलेलं होतं. हे नव्हतं. फोलीचं 1999 सालचं आत्मचरित्र हा या सामन्याबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो माणूस त्यात काही झाकत नाही. निखळलेला जबडा आणि खांदा, मेंदूला बसलेला धक्का, मुका मार लागलेल्या बरगड्या आणि मूत्रपिंड, असा तो हिशोब आहे. अंडरटेकर स्वतः मोडलेल्या पायाने लढत होता, हे वेगळंच.

'टेबलाखाली गादी' या दाव्यात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. मेसेजसोबतची क्लिप नीट पाहा. पहिला तुकडा 1998 चा, पुढचे दोन नाहीत. डिसेंबर 2000 मध्ये रिकिशीला पिंजऱ्यावरून ट्रकच्या हौद्यात फेकलं, तो हौदा मऊ भरावाने भरलेला होता. 2016 च्या रेसलमेनियात शेन मॅकमेहन 20 फुटांवरून टेबलावर पडला, त्या टेबलाच्या आत गादी भरलेली होती. फेब्रुवारी 2000 मध्ये फोली परत एकदा छतातून खाली आला तेव्हाही रिंगचा तळ मुद्दाम खचेल असा बनवला होता. पण ही खबरदारी आली का, तर 1998 साली काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं म्हणून. नंतरच्या क्लिपा जोडून आधीचं पडणं खोटं ठरवायचं, ही चलाखी आहे.

आता स्प्रिंगा, आणि त्यातून निघणारी घरची गादी. इथे जरा थांबूया, कारण पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की गोव्यातल्या घराघरांतून पोरं गाद्या जमिनीवर ओढतात आणि एकमेकांना उचलून आपटायला लागतात.

रिंग उघडून पाहिलं तर काय दिसतं? पोलादी चौकट, आडवे पोलादी बीम, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणलेला कॅनव्हास. काही रिंगांत मधोमध एक मोठी स्प्रिंग असते हे खरं, पण तिचं काम माणसाला उडवायचं नसतं. फळ्या किंचित दबाव्यात, एवढंच. तो 'धडाम' आवाज फळ्यांचा असतो आणि रिंगखाली लावलेला माइक तो वाढवतो. रिंगचा काठ याहून कडक, कारण तिथे फळीखाली सरळ चौकट येते. काठाच्या बाहेर तर सिमेंटची जमीन आणि वर पातळ चटई. म्हणजे सगळी भिस्त पडण्याच्या पद्धतीवर.

मागे पडताना हनुवटी छातीला चिकटलेली हवी, म्हणजे डोकं मागे झटकत नाही. पाठीचा वरचा सगळा भाग एकाच वेळी टेकला पाहिजे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. हात अंगापासून बाहेर, तळवे खाली, टेकता टेकता आपटायचे. श्वास सोडत पडायचं. हात मागे टेकून स्वतःला सावरायला गेलात की मनगट नाहीतर कोपर गेलं, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. शिकाऊ पैलवान बसल्या जागेवरून, मग उकिडव्याने, मग उभ्याने असं महिनोन्‌महिने हे एवढंच करत असतात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. तरी पाठ-मान आयुष्यभर कुरकुरते.

आता हेच घरच्या गादीवर. गादी मऊ, म्हणून कंबर आत रुतते, पाठ सपाट टेकत नाही आणि मान उरलेला झटका खाते. गादी चार-सहा इंचांची, तिच्या कडेपलीकडे लाद्या. त्यात उचलून फेकणारा पोरगा अंगाने लहान, त्याचा तोल आधी जातो आणि तो स्वतःच खालच्याच्या छातीवर पडतो. मऊपणामुळे सुरक्षित वाटतं, म्हणून पोरं दुसऱ्या वेळी आणखी उंच उचलतात.

आणि 'टेक्निक शिकलात तर'? बरं, टेक्निक पाहू. चोकस्लॅम एका हाताने उचलून मारलेला दिसतो, पण सव्वाशे किलोचा माणूस गळ्याला धरून कुणी उचलत नाही. मार खाणारा समोरच्याचं मनगट धरून स्वतः उडी मारतो आणि मारणाऱ्याचा दुसरा हात त्याच्या पाठीमागे असतो. खालच्याने उडी मारली नाही की डाव बसतच नाही. पिट्सबर्गच्या छतावर फोली इतका थकलेला होता की ती उडी त्याला नीट जमली नाही, आणि त्यामुळेच आपण वाचलो असं तो सांगतो. नीट जमली असती तर अंग हवेत आणखी फिरलं असतं. जगातल्या उत्तम जाणकारांपैकी एक, आणि त्याचा जीव राहिला तो डाव चुकल्यामुळे.

टूम्बस्टोन या डावाची गोष्ट अशीच. उलट्या धरलेल्या माणसाचं डोकं मारणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, मांड्यांत असायला हवं आणि मारणाऱ्याने गुडघ्यांवर उतरायचं, म्हणजे डोकं मॅटला लागत नाही. सारं गणित काही इंचांचं. 3 ऑगस्ट 1997 च्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्ट गुडघ्यांवर न उतरता खाली बसला आणि स्टीव्ह ऑस्टिनचं डोकं मांडीखाली आलेलं होतं. ऑस्टिन काही वेळ हातपाय हलवू शकला नाही. मानेच्या त्या दुखापतीने त्याची कारकीर्द आखूड झाली. दोघेही कसलेले, एकही नवशिका नाही. ऑक्टोबर 1999 मध्ये डॅरेन ड्रोझडोव्ह हा पैलवान पॉवरबॉम्ब या उचलून पाठीवर आपटायच्या डावात मानेवर पडला आणि 2023 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचं चालणं परत आलं नाही. रिंग होतं, टेक्निक होतं, बाजूला डॉक्टर होते.

कुणाच्या घरी असं झालंच, तर पडलेल्याला उठवून बसवू नका, मान चोळू नका, पाणी पाजू नका. हातापायांत मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं असं तो म्हणाला, तर डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि 108 ला फोन करा. स्कूटरवर मध्ये बसवून दवाखान्यात न्यायचा उद्योग तर मुळीच नको.

बाकीचे मुद्दे चिल्लर आहेत. सॉस म्हणे! सॉस गोठत नाही आणि घामात असा पसरतही नाही. ब्लेडचा छोटा तुकडा बोटाला किंवा मनगटाच्या पट्टीत चिकटवून कपाळावर बारीक चीर द्यायची, ही त्या धंद्यातली जुनी रीत. कपाळाची जखम लहान असली तरी रक्त भरपूर येतं आणि घामाने ते आणखी जास्त दिसतं. म्हणजे फसवणूक रक्त काढण्यात आहे, रक्तात नाही. फोलीच्या तोंडातलं रक्त तर ब्लेडचंही नव्हतं. खुर्च्या लोखंडी घडीच्याच, पाठीवर सपाट बाजूने मारतात म्हणून हाड मोडत नाही. डोक्यावर मारणं डब्ल्यूडब्ल्यूईने 2010 मध्ये बंद केलं. रबरी खुर्ची असती तर बंद कशाला केलं असतं?

रबरी पिनांवर तर फोलीच्याच पुस्तकातला प्रसंग पुरे. सामन्यानंतर त्याला इतकं कमी आठवत होतं की त्याने अंडरटेकरला विचारलं, मी पिना वापरल्या का? अंडरटेकर वैतागून म्हणाला, स्वतःच्या हाताकडे बघ. दंडात पिना तशाच रुतलेल्या होत्या. एवढं होऊनही त्याच रात्री ऑस्टिन आणि केनच्या सामन्यात हा पठ्ठ्या परत हजर.

'कंपनीने नुकतंच कबूल केलं' हे नुकतंच म्हणजे 1989. त्या वर्षी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे विन्स मॅकमेहनच्या कंपनीने, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, सांगितलं की ही करमणूक आहे, खेळाची स्पर्धा नव्हे; त्यामागे क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचा व्यवहार होता. निकाल ठरलेला असतो हे कोण नाकारतंय? पेडण्यात दशावतार पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, संवाद लिहिलेले नसतात, युद्ध उभ्या उभ्या रंगतं, आणि आपटलेला गुडघा दुसऱ्या दिवशी खरोखरच सुजतो. निकाल ठरलेला म्हणजे मार खोटा, ही उडी मेसेज लिहिणाऱ्याने कुठून मारली ते त्यालाच माहीत.

उरले दोन अंडरटेकर. इथे त्याला मार्क द्यावे लागतात. जानेवारी 1994 मध्ये योकोझुनाशी शवपेटीचा सामना झाला, अंडरटेकर 'मेला', आणि पाठीच्या दुखापतीसाठी अंडरटेकर साकारणाऱ्या खऱ्या माणसाला, मार्क कॅलवेला, सुट्टी मिळाली. पैलवानांची ट्रम्प कार्डं जमवणाऱ्या पिढीत 'सात वेळा मेला, सात वेळा परत आला' ही जी अफवा होती, तिचं मूळ असल्याच मरणांत. मग मॅनेजरच्या भूमिकेतल्या टेड डिबियासीने एक तोतया आणला, आणि 29 ऑगस्ट 1994 ला शिकागोच्या समरस्लॅममध्ये खरा विरुद्ध खोटा असा सामना झाला; खरा जिंकला. तो तोतया म्हणजे ब्रायन ली. 1996 च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमार ज्या अंडरटेकरशी लढला, तोही ब्रायन लीच. हे अक्षय कुमारने 2021 मध्ये स्वतः सांगितलंय. तेव्हा अंडरटेकर दोन होते हे बरोबर, फक्त 1998 मध्ये छतावर उभा होता तो खरा, कॅलवे.