एक स्टार देणाऱ्या डाळमिलच्या मालकांना आमचं उत्तर

शेटजी, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या बिलांची फाईल समोर ठेवली होती. तुम्ही लिहिलंय की मार्चअखेर क्लाउडवरचा जुना सर्व्हर बंद केला, तरी बॅकअपच्या सॉफ्टवेअरचे पैसे पुढचे तीन महिने कटत राहिले. तुमचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हाला फोन केला तर आम्ही सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवलं, त्याने क्लाउड कंपनीकडे, म्हणजे जिचा सर्व्हर तुम्ही भाड्याने घेतला होता तिच्याकडे, आणि कंपनीने परत आमच्याकडे. शेवटची ओळ अशी आहे: ‘हे नुसते दलाल, भिंतीवरची सर्टिफिकेटं विकत घेतलेली.’

पैसे कटले हे खरं आहे, आणि चूक आमची आहे.

ते सॉफ्टवेअर घेतलं तो दिवस मला आठवतो. मिलच्या ऑफिसात बसलो होतो, बाहेर तुरीची आवक जोरात होती, मुनीमजींच्या लॅपटॉपच्या की-बोर्डवर चुनीची बारीक पिवळी धूळ बसली होती. ‘सबस्क्राइब’चं बटण माझ्याच सांगण्यावरून दाबलं गेलं. पहिले ३० दिवस फुकट, एवढंच मी बोललो. मुदत संपली की महिन्याची रक्कम आपोआप सुरू होते हे सांगायचं राहून गेलं. त्याहून मोठी गोष्टही राहिली. सर्व्हर काढून टाकणं आणि सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन रद्द करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मार्चमध्ये आमच्या ऑफिसातल्या मुलाने सर्व्हर काढला, सबस्क्रिप्शन तसंच राहिलं.

आता ते तीन दरवाजे, जिथं तुम्हाला फिरवलं गेलं. अ‍ॅमेझॉनने २०१२ साली क्लाउडवर मार्केटप्लेस, म्हणजे सॉफ्टवेअर विकायचा ऑनलाइन बाजार, सुरू केलं, मायक्रोसॉफ्ट आणि गूगलचंही आहे. तिथं विकलं जाणारं बरंचसं सॉफ्टवेअर क्लाउड कंपनीचं नसतं, बाहेरच्या कंपन्या आपापला माल तिथं मांडतात. बिल मात्र एकच येतं. तुमच्या मार्केट यार्डातल्या पट्टीत जशी मालाची रक्कम, हमाली, तोलाई एकाखाली एक असते, तसंच हे. सर्व्हरचं भाडं क्लाउड कंपनीचं, सॉफ्टवेअरची किंमत ते बनवणाऱ्याची. कंपनी वसुली करते, आपली फी कापते आणि बाकीचे पैसे पुढे देते. ही फी पूर्वी जड होती, मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ती २० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली. म्हणजे सॉफ्टवेअरच्या रकमेतला बहुतेक भाग ज्याने ते बनवलं त्याच्याकडे जातो, आणि रिफंड द्यायचा की नाही हेही सहसा तोच ठरवतो. क्लाउड कंपनीने हात वर केले ते यामुळे.

पण हे सगळं तुम्ही कशाला समजून घ्यायचं? खरेदी केलेल्या कट्ट्यात ओली तूर निघाली तर तुम्ही शेतकऱ्याचं गाव शोधत जात नाही, आडत्याला धरता. तसं तुम्ही मला धरलंत, हे बरोबरच केलंत. ‘सॉफ्टवेअरवाल्याशी बोला’ हे आमच्या ऑफिसातून जे उत्तर गेलं, ते जायला नको होतं.

माझी कमाई कुठून होते तेही उघड सांगतो. तुमच्या सर्व्हरच्या बिलावर क्लाउड कंपनीचा पार्टनर, म्हणजे तिची सेवा ग्राहकांपर्यंत पोचवणारा, म्हणून मला थोडी सवलत मिळते, आणि महिन्याच्या सपोर्टचे पैसे तुम्ही वेगळे देता. या बॅकअप सॉफ्टवेअरवर मला रुपयाही मिळालेला नाही, ते तुमच्याच खात्यातून थेट घेतलेलं होतं. काही वेळा मार्केटप्लेसवर पार्टनर स्वतःची किंमत लावून खासगी ऑफर देतो, तिथं त्याचा नफा असतो. तशी ऑफर तुम्हाला कधी दिली तर त्यात माझं किती आहे ते आधी सांगेन.

सर्टिफिकेटांचं वाचून मात्र मनाला लागलं. ती माझ्या नावची नाहीत, आमच्याकडच्या दोन मुलांची आहेत. त्यातला एक रोज औशाहून बसने येतो आणि जाता-येता मोबाइलवर अभ्यास करतो. कंपनीच्या पार्टनर नेटवर्कची वार्षिक फी आम्ही भरतो, पण परीक्षा पैशाने पास होत नाही. अ‍ॅमेझॉनची सर्टिफिकेटं तीन वर्षांनी संपतात, मायक्रोसॉफ्टची वरच्या पातळीची दरवर्षी नव्याने टिकवावी लागतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये पार्टनरांना सिल्व्हर-गोल्ड दर्जा द्यायची जुनी पद्धत मोडली. आता दर्जा मिळवायला १०० पैकी किमान ७० गुण लागतात, आणि ते शिकलेली माणसं, नवे ग्राहक आणि ग्राहकांचा वापर बघून मिळतात. माझ्या चुकीसाठी मला बोला, त्या पोरांच्या मेहनतीला नका बोलू.

सबस्क्रिप्शन काल संध्याकाळी रद्द केलं, त्याचा स्क्रीनशॉट मुनीमजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. रिफंडचा अर्ज सॉफ्टवेअरवाल्याकडे तुमच्या वतीने मीच टाकलाय. त्यातून जेवढे पैसे परत येणार नाहीत, तेवढे आमच्या सपोर्टच्या बिलातून वजा होतील. तुमच्या खात्यावर खर्चाची मर्यादाही लावलीय. ती ओलांडली की मुनीमजींना आणि मला एकाच वेळी मेल येईल.

गुरुवारी दुपारी मिलवर येतो. तिन्ही महिन्यांची बिलं तेवढी काढून ठेवायला सांगा, सोबत बसून एकेक ओळ बघू.