‘पूर कधीच ओसरला, मग ही जनावरं अजून तुमच्याकडे का?’ : एकच तारा (स्टार) दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

पुरातून वाचवलेल्या जनावरांच्या आमच्या निवाऱ्याबद्दल तुमचा अभिप्राय आला, त्या रात्री तो वाचला आणि राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. आज पुन्हा वाचला. तुम्ही जनावरांच्या काळजीपोटीच लिहिलं आहे हे आता नीट दिसतंय, तेव्हा उत्तरही तसंच सविस्तर देते.

तुमच्या तक्रारी अशा: गाईच्या पायाची पट्टी घाण होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. एक कुत्रा छोट्या पिंजऱ्यात कोंडला होता. मुलीने आणलेला पाव गाढवांना घालू दिला नाही, हातही लावू दिला नाही, आणि आमचा माणूस तिच्यावर ओरडला. गाढवांपैकी एक तुम्ही घरी न्यायला तयार होतात, आम्ही नाही म्हणालो. आणि शेवटी, पूर चार वर्षांपूर्वीचा, तर त्याच्या नावावर अजून पैसे का मागता?

ओरडण्याबद्दल आधी माफी मागते. लहान मुलीवर आवाज चढवायचं काहीच कारण नव्हतं. आमच्या त्या माणसाशी मी बोलले आहे. पट्टीबद्दलही तुमचं बरोबर आहे. आम्ही ती सकाळ-संध्याकाळ बदलायचो, पण दुपारपर्यंत शेणामुताने भिजायची आणि हे आम्हाला दिसत असूनही चालून जात होतं. आता दुपारीही बदलतो आणि वरून पाणी न शिरणारं आवरण घालतो.

पण त्या गाईबद्दल थोडं सांगू द्या. तिचं नाव तांबडी. पुरात ती कित्येक दिवस दावणीला बांधलेली, गुडघाभर घाण पाण्यात उभी होती. खूर इतका वेळ भिजला की मऊ पडतो, भेगाळतो आणि त्यातून जंतू आत जातात. तिच्या मागच्या उजव्या पायात ते हाडापर्यंत पोहोचले, त्या खुराचा अर्धा भाग डॉक्टरांना कायमचा काढावा लागला. उरलेल्या अर्ध्या भागावर सगळा भार येतो, म्हणून तो वरचेवर तासावा लागतो. उठता-बसता सांधा जमिनीवर घासतो, तिथे जखम होते. तुम्ही पाहिलीत ती पट्टी त्या जखमेची. ही जखम भरते आणि पुन्हा होते. तांबडी आहे तोवर हे चालणार.

तिच्या पोटात एक चुंबकही आहे. गाय चारा निवडून खात नाही, जिभेने ओढते आणि गिळते. पुरानंतरच्या चाऱ्यात तारा, खिळे, पत्र्याचे तुकडे असतात. ते गाईच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात साठतात आणि तिथून हृदय फार लांब नसतं. म्हणून गाईला चुंबक गिळायला देतात. तो लोखंड धरून ठेवतो आणि जन्मभर आत राहतो. डॉक्टर येतात तेव्हा तिच्या डाव्या कोपराच्या मागे होकायंत्र धरतात. सुई हलली की चुंबक जागेवर आहे. मी हे कितीदा तरी पाहिलंय, तरी सुई हलेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.

निरोगी गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते, रवंथही बरंचसं बसूनच करते. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तांबडी उठते, गोठ्याच्या उंच कोपऱ्यात जाते आणि पाऊस थांबेपर्यंत बसत नाही. त्या पायाचा सगळा भार उरलेल्या अर्ध्या खुरावर. पावसाळ्यात तिची जखम चिघळते ती यामुळे. तुम्ही विचारलंत, पूर ओसरला ना? तांबडीला ते अजून पटलेलं नाही.

कुत्र्याचं सांगते. तो चार वर्षांपूर्वीच्या नव्हे, गेल्या वर्षीच्या पुरातून आला. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि डासांमधून कुत्र्याच्या हृदयात आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारे जंत पसरतात. त्याला ते झाले आहेत. इलाज म्हणजे जंत मारणारी तीन इंजेक्शनं: पहिलं, मग महिनाभर थांबून लागोपाठ दोन दिवस दोन. मेलेल्या जंतांचे तुकडे रक्तातून वाहतात आणि कुत्रा धावला-उसळला तर फुफ्फुसात अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या इंजेक्शनानंतरही कित्येक आठवडे त्याला पळू द्यायचं नाही. तुम्ही त्याला पाहिलंत ते याच काळात. पिंजऱ्यावर हे लिहून लावायला हवं होतं, ते आमचं चुकलं. आता लावलं आहे.

पावाचं कारण माझ्या मनाला लागलेलं आहे. निवारा सुरू केला तेव्हा पुरातून एक घोडी आली, बरगड्या मोजाव्यात अशी. आम्ही तिला पोटभर खुराक घातला. ती अधाशासारखी खात होती आणि आम्ही कौतुकाने बघत होतो. चौथ्या दिवशी ती कोसळली आणि पुन्हा उठली नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की उपाशी शरीरात एकदम खुराक गेला की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घटतं, मग हृदय आणि श्वास दगा देतात. सुरुवातीला फक्त चांगला वाळलेला चारा, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यायचा असतो. ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून इथे कुणाच्या तोंडात काय जातं ते वजन करून वहीत लिहिलं जातं. गाढवाचं शरीर तर रूक्ष, कमी चाऱ्यासाठीच घडलेलं. पावाने ते लठ्ठ होतं आणि खुरांच्या आत सूज येऊन चालणं अवघड होतं. तुमच्या मुलीचा हात मायेचा होता. आमचाही होता, म्हणूनच एवढं लिहिलं.

गाढवांपैकी एक देता येत नाही, कारण त्या दोघी जोडीच्या आहेत. धाकटी आंधळी आहे आणि थोरलीच्या चाहुलीवर चालते. जोडीतलं एक गाढव नेलं तर दुसरं अनेकदा खाणं सोडतं. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होतं. काही दिवसांत खेळ संपू शकतो. दोघींना एकत्र, मोकळी जागा आणि खूर तासणारा माणूस असलेल्या घरी न्यायला कुणी तयार असेल, तर मी आनंदाने देईन.

राहिला पैशांचा प्रश्न. 2004च्या त्सुनामीनंतर केनियात मालिंदीजवळ पाणघोड्याचं एक पिल्लू वाचवलं गेलं. त्याचं नाव ओवेन. मोंबासाच्या हॉलर पार्कमध्ये ते एका म्हाताऱ्या महाकाय कासवाला बिलगून राहायचं, ते फोटो जगभर गेले. पण आईविना वाढलेलं ते पिल्लू पुन्हा नदीत सोडता आलं नाही. पुढे त्याला तिथेच मादीची सोबत मिळवून दिली. फोटो एका क्षणाचा असतो, चारा रोज लागतो. अमेरिकेत 2005 साली कॅटरिना वादळात कितीतरी लोकांनी जनावरांना सोडून घर सोडायला नकार दिला. त्यानंतर 2006 साली तिथे कायदा झाला, की सुटकेच्या आराखड्यात घरात पाळलेल्या आणि मदतनीस प्राण्यांचा विचार हवा. चांगला कायदा आहे, पण त्यात गाय नाही, गाढव नाही.

आमच्याकडेही पूर आला की पहिले दोन महिने मदत येते, नंतर आटते. गाय वीस वर्षं जगू शकते, गाढव तीसच्या पुढे. तुमचं तिकीट आणि एखाद्या जनावराचं पालकत्व घेणाऱ्यांची वर्गणी यातून चारा, औषधं आणि चार माणसांचे पगार निघतात. हिशेब मागणाऱ्याला दाखवत होतो, पण तो मागावा लागू नये हे तुमचं म्हणणं मान्य आहे. या महिन्यापासून प्रत्येक महिन्याचा जमाखर्च फाटकाजवळच्या फलकावर असेल.

पुन्हा याल तर सकाळी दहाच्या सुमारास या, तेव्हा तांबडीची पट्टी बदलतो. आणि मुलीला सांगा, आंधळ्या गाढवीचं नाव चंदा. तिला न सांगता हात लागला की ती दचकून लाथ झाडते, त्या दिवशी आमच्या माणसाला भीती होती ती याचीच. आधी नावाने हाक मारायची, तिचे कान आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं, मग मानेवर हात ठेवायचा. मी सोबत उभी राहीन.