ठोकळ्यांवर गाडी चढवून गिअरबॉक्स उतरवू नका

गेल्या रविवारी जुळे सोलापुरात भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या अंगणात सिमेंटचे आठ ठोकळे मांडून ठेवलेले होते. त्याची ऑटोमॅटिक एसयूव्ही दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटका देते आणि त्यावरचा उपाय त्याला व्हॉट्सॲपवर मिळाला होता. तोच संदेश माझ्याकडे त्याआधी तीनदा आला होता. संदेश असा: शोरूम नव्या गिअरबॉक्सचे दोन-अडीच लाख सांगते, भंगारात तो चाळीस हजारांत मिळतो; गाडी जॅकने उचला, खाली ठोकळे लावा, बोल्ट खोला, जुना उतरवा, दुसरा चढवा, ऑइल भरा; दोन माणसे एका रविवारात हे काम करतात. “मामा, बोल्टच तर खोलायचे आहेत,” असे भाच्याने मला सांगितले. मोटार मेकॅनिकचा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे, त्यामुळे या वाक्याला उत्तर देणे मला भाग आहे.

सर्वांत आधी ठोकळ्यांविषयी, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीने माणूस जातो. गाडीसोबत मिळणारी मालकपुस्तिका कोणत्याही कंपनीची उघडा. चाक बदलण्याच्या प्रकरणात स्पष्ट बजावलेले असते की, गाडी केवळ जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली नेऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सिमेंटचा ठोकळा भिंतीत चारी बाजूंनी पसरलेले वजन सहन करतो. पण त्याच्या एका कडेवर चासीचा भार आला, तर तो वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम फुटतो. त्यात गिअरबॉक्स खालून बाहेर ओढायचा तर त्याच्या घंटेसारख्या रुंद तोंडाएवढी जागा बंपरखाली लागते, म्हणून लोक दोन-तीन ठोकळ्यांची चळत रचतात. त्या चळतीवर दीड-दोन टनांच्या गाडीचा पुढचा भाग, खाली पाठीवर झोपलेला माणूस, आणि तो माणूस लांब पान्याने घट्ट बसलेला बोल्ट सर्व शक्तीनिशी ओढतो आहे, म्हणजे गाडीला तोच हिसके देतो आहे. अंगणातल्या पेव्हर ब्लॉकना पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार या हिशेबात कोणीच धरत नाही.

गिअरबॉक्सचे वजन टॉर्क कन्व्हर्टरसह (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा गोल भाग) साधारण 70 ते 100 किलो असते आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाला एका बाजूने त्याचाच आधार असतो. तो काढण्यापूर्वी इंजिन वरून आडव्या बारला टांगून धरावे लागते. संदेशात याचा उल्लेखच नाही.

“दुसरा चढवा” या दोन शब्दांत खरे कौशल्याचे काम दडपले गेले आहे. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत टप्प्याटप्प्याने बसतो आणि शेवटी त्याच्या खाचा ऑइल पंपात अडकाव्या लागतात. तो शेवटचा टप्पा राहिला, तरी बाहेरून सगळे बसल्यासारखे वाटते. मग माणूस बोल्ट आवळून उरलेली फट मिटवतो आणि इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो. गिअरबॉक्सचे तोंड इंजिनाला हाताने टेकले पाहिजे, आणि त्यानंतर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे व फ्लेक्स प्लेटपासून, म्हणजे इंजिनाच्या टोकाला असलेल्या पातळ चकतीपासून, काही मिलिमीटर दूर राहिला पाहिजे, ही तपासणी केल्याशिवाय एकही बोल्ट आवळायचा नसतो.

“ऑइल भरा” हे त्याहून फसवे आहे. आजच्या अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, नसते. गाडी सपाट पातळीत ठेवून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सर्व स्थितींतून फिरवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आले की खालचा लेव्हल प्लग उघडायचा आणि जास्तीचे ऑइल वाहू द्यायचे, अशी पद्धत आहे. ते तापमान अनेक गाड्यांत 35 ते 45 अंश, काहींत 50 ते 60 अंश असते आणि ते स्कॅनरशिवाय (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणारे यंत्र) कळत नाही. सोलापुरात मे महिन्यात अंगणात उभ्या गाडीचे ऑइल इंजिन सुरू करण्याआधीच चाळिशीला टेकते. तापलेले ऑइल फुगते, प्लगमधून जास्त वाहून जाते आणि गिअरबॉक्समध्ये कमी उरते. शिवाय ही तपासणी चालू इंजिनाखाली जाऊन करायची असते, म्हणजे पुन्हा त्याच ठोकळ्यांखाली.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘ऑटोमॅटिक’ हा एक प्रकार नाही: 2020 च्या क्रेटामध्ये डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा प्रकार) आणि टर्बो पेट्रोलला दोन क्लचचा गिअरबॉक्स होता, आणि तिन्हींचे ऑइल वेगळे. जुन्या गिअरबॉक्सचा चुरा कूलरमध्ये आणि पाइपांत साचलेला असतो. ते साफ केले नाहीत, तर तोच चुरा दुसऱ्या गिअरबॉक्समध्ये जातो. गिअरबॉक्स बदलल्यावर कंट्रोल युनिटने, म्हणजे गिअर बदलणाऱ्या संगणकाने, जुन्या गिअरबॉक्सनुसार करून घेतलेली जुळवणी स्कॅनरने पुसावी लागते. काढलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते गटारीत ओतता येत नाही.

आता जे खरे आहे ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. शोरूमचे आकडे छाती दडपवणारे असतात, आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलचा प्रवाह नियंत्रित करणारा एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा असे व्हॉल्व्ह बसवलेली व्हॉल्व्ह बॉडी बिघडलेली असताना पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. गाडी पेलून धरणारे योग्य स्टँड, गिअरबॉक्स जॅक, स्कॅनर आणि अनुभव असलेला माणूस हे काम घरच्या आवारातही करू शकतो. पण खर्चाचा राग असेल, तर पहिला खर्च फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले बिघाडाचे संकेत, वाचण्याचा करावा आणि दुसरा ऑइल तपासण्याचा. ‘आयुष्यभर ऑइल बदलायला नको’ असे विक्रेते सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. भाच्याच्या गाडीचे ऑइल 1,10,000 किलोमीटर झाले तरी एकदाही बदललेले नाही. चाळीस हजारांचा गिअरबॉक्स उचलायला निघालेल्या भाच्याला हे मी विचारेपर्यंत कोणी विचारले नव्हते.