‘घरचंच आहे, कितीही द्या’: कुत्र्याच्या बिस्किटांच्या त्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मनुक्यांची वाटी घेऊन वर आल्या. त्यांच्याकडे ओव्हन नाही. ‘‘अगं, हे बघ किती सोपं आहे. आमच्या शेरूला करू या.’’ फोनवर तोच मेसेज होता, जो गेले काही महिने सगळीकडे फिरतो आहे. थोडक्यात तो असा: बाजारातली डॉग बिस्किटं म्हणजे विष. घरी कणीक, गूळ, तूप, शेंगदाण्याचं कूट आणि मूठभर मनुके एकत्र मळून बिस्किटं भाजा. गोचीड पळवायला चार पाकळ्या लसूण घाला. कुत्रा जाड असेल तर गुळाऐवजी शुगर-फ्री वापरा. बिस्किटं महिनाभर टिकतात, घरचीच असल्यामुळे कितीही द्या, आणि घाईच्या दिवशी जेवणाऐवजी दिली तरी चालतात.

मी सहा वर्षं घरी कुत्र्यासाठी बिस्किटं भाजते आहे, आणि लोकांनी घरी करावीत असंच मला वाटतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. कुत्र्यावर जीव टाकणारी माणसंच तो वाचून कामाला लागतात.

मनुक्यांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आधी उलट्या, मग मलूलपणा, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. एक कुत्रा बरेच मनुके खाऊन धडधाकट राहतो, तर दुसरा थोड्याशांनी दवाखान्यात पोहोचतो, त्यामुळे ‘एवढे चालतात’ असा आकडा कोणी देऊ शकत नाही. हे का होतं याचा उलगडा बरीच वर्षं होत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. बेकिंगमधलं क्रीम ऑफ टार्टार आणि चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांची लक्षणं द्राक्षं खाल्लेल्यांसारखीच होती. म्हणजे आमटीतली चिंच आणि भेळेची चटणीही आली. भाजल्याने हे आम्ल जात नाही. कुत्र्याने मनुके खाल्ले असतील तर लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठाचीच विषबाधा व्हायची.

‘‘पण आमच्या माहेरच्या टॉमीने लाडवातले मनुके खाल्ले होते की,’’ काकू म्हणाल्या. खाल्ले असतील. ‘‘काकू, टॉमीला सोसले, म्हणून शेरूला सोसतील असं नाही ना,’’ मी म्हटलं. त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

लसणाचं प्रकरण फसवं आहे. कांदा, लसूण, पात या सगळ्यांत गंधकाची अशी संयुगं असतात, जी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब करतात. पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. शिजवून, भाजून किंवा वाळवून हा गुण जात नाही. पावडरीत तर तो एकवटतो. खरं सांगायचं तर साठ बिस्किटांत वाटल्या गेलेल्या चार पाकळ्यांनी मोठा कुत्रा दुसऱ्या दिवशी आडवा होणार नाही. पण नुकसान दिसायला काही दिवस जातात, तोवर डबा रोज उघडला जात असतो. लसणाने गोचीड जातात हे सिद्धही झालेलं नाही. आणि आपल्याकडे गोचीड तापाची भीती खरी आहे. त्याच्या एका प्रकारात, बॅबेसियात, परजीवी तांबड्या पेशींमध्येच वाढतात आणि त्या फोडतात. ज्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड आहेत, त्याच्याच रक्तावर आपण घरातून दुसरा घाव घालायचा? गोचिडांसाठी डॉक्टर देतात ती गोळी किंवा मानेवर लावायचं औषध वापरा.

शुगर-फ्रीबद्दल एकच शब्द लक्षात ठेवा: झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो एक गोड पदार्थ. सगळ्या शुगर-फ्री वस्तूंत तो नसतो, पण च्युइंगमात, काही पीनट बटरमध्ये आणि बिनसाखरेच्या खाऊत असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्शुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर बऱ्याचदा तासाभरातच धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दहा किलोच्या कुत्र्याला त्यासाठी साधारण एक ग्रॅम, म्हणजे पाव चमचा पुरतो. मात्रा जास्त असेल तर यकृतावर येतं. आणि गूळ? तो विष नाही, पण तो साखरच आहे. कुत्र्याच्या बिस्किटात गोडाची गरज मुळातच नसते.

शेंगदाणे चांगले, पण ताजे आणि कोरडे हवेत. डब्याच्या तळाचे, खवट वास येणारे, काळपट डाग पडलेले दाणे ‘टाकायचे कशाला, कुत्र्याला करू’ असं म्हणून कुटले जातात. ही सवय मला मनुक्यांइतकीच घातक वाटते. शेंगदाणे आणि मका यांवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाव घालतं आणि आपल्या ओव्हनच्या आचेने संपत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या गावांमध्ये पावसात भिजलेला, बुरशीचा मका खाऊन जवळपास ४०० माणसं आजारी पडली आणि शंभरावर दगावली. त्याच घरांतली, तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. तो मका शेतातला, घरचाच होता.

महिनाभर टिकण्याची गोष्टही इथेच येते. एका जुलैत माझ्या डब्यातलं बिस्किट मी मोडलं. वरून कुरकुरीत होतं, आत बोटाला किंचित ओलसर लागलं, आणि मोडलेल्या कडेला कापसासारखे करडे धागे होते. डबा भरून नऊ दिवस झाले होते. काही बुरशांच्या विषाने कुत्र्याला थरथर आणि झटके येतात. मी सगळा डबा टाकला. तेव्हापासून भाजून झाल्यावर आच कमी करून तासभर वाळवते, चार दिवसांपुरती बाहेर ठेवते आणि बाकीची फ्रीझरमध्ये.

‘कितीही द्या’ हे तर साफ चूक. खाऊ दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यांचा रूढ नियम आहे. नसबंदी झालेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी ६०. एक चमचा तूप ४५ घेऊन जातं. शिवाय एकदम जास्त तूप-तेल पोटात गेलं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ते दुखणं ज्याने पाहिलंय तो पुन्हा मायेपोटीही तूप वाढत नाही.

जेवणाऐवजी बिस्किटं? नको. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्क्यांत एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी होतं. त्या तर मुद्दाम जेवण म्हणून रचलेल्या होत्या.

बाजारच्या बिस्किटांवरचा अविश्वास मात्र हवेतून आलेला नाही. २००७ मध्ये अमेरिकेत विकलेल्या पेट फूडमध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ निघाली आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं गेली. काळजी वाटणं रास्तच आहे. पण सगळं पाकीटबंद विष आणि सगळं घरचं अमृत, एवढ्यावर ती थांबली की डोळ्यांसमोरचा मनुका दिसेनासा होतो. याच मेसेजची एक आवृत्ती गव्हालाही विष म्हणते. काही कुत्र्यांना गव्हाची ॲलर्जी असते, एवढंच. माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याहून बऱ्याच वाढल्या, हे २०१३ च्या संशोधनात दिसलं आहे.

तर आम्ही त्या दिवशी केलं ते असं. नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा १५० ग्रॅम, एक अंडं. मीठ नाही, गूळ नाही, सोडा नाही. भोपळ्याच्या पाण्यातच पीठ मळलं जातं; सैल झालं तर मूठभर कणीक वर. पातळ लाटून चौकोन कापले, १६० अंशांवर पंचवीस मिनिटं भाजले आणि मग वाळवले. ऐंशी झाले. एकात साधारण दहा किलोकॅलरी, म्हणजे दहा किलोच्या शेरूला दिवसाला सहा, तीही दुसरा काही खाऊ नसेल तर.

काकूंनी खाली जाण्याआधी माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून, ज्या ग्रुपवर तो मेसेज आला होता तिथे लिहिलं: ‘मनुके घालू नका. लसूण घालू नका. आधीच केली असतील तर टाकून द्या.’