निवृत्त होऊ घातलेल्या हुकूमशहास चार हिताच्या गोष्टी

साहेब, खुर्ची सोडायच्या आधी पेन्शनचे कागद करून घ्यायचे, हे शिपायालाही कळतं. तुमच्या धंद्यात पेन्शनचे कागद म्हणजे माफीचा कायदा. आपणच लिहायचा, आपणच सही ठोकायची. चिलीच्या जनरल पिनोशेंनी हे काम एप्रिल 1978 मध्येच उरकलं: ज्या लष्करी बंडाने ते सत्तेवर आले त्या 11 सप्टेंबर 1973 पासून 10 मार्च 1978 पर्यंत जे झालं ते माफ. प्रस्तावनेत जुना द्वेष मागे टाकून राष्ट्र जोडण्याची गोड भाषा. ती विसरू नका, खर्च काही येत नाही.

कोर्टांना मात्र टाळं लावू नका, तो कच्च्या हुकूमशहांचा उद्योग. संसद बंद करा, वर्तमानपत्रं बंद करा, पण कोर्टात तारखा पडत राहू देत. 1974 साली पिनोशेंच्या अंगावर राष्ट्रप्रमुखपदाचा पट्टा चढवला तो सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांनी. पोरगा उचलून नेला म्हणून आई हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज घेऊन यायची. कोर्ट सरकारला विचारायचं, तुमच्याकडे आहे का? सरकार म्हणायचं, छे! अर्ज निकाली. असे हजारो अर्ज आले, मान्य झाले ते बोटांवर मोजण्याइतके. पुढच्या एका अध्यक्षांनी तर या बेपत्ता लोकांनी वैताग आणलाय, असं बोलूनही दाखवलं. बिचारे! न्यायाधीशांच्या संघटनेने या सगळ्याची जाहीर माफी मागितली, पण 2013 मध्ये. तोवर तुम्ही कुठे असणार आहात?

खुर्चीवर राहावं की नाही याचं सार्वमत पिनोशेंसारखं 1988 मध्ये हरलात तरी बिघडत नाही. 1990 ला राष्ट्राध्यक्षपद सोडा, लष्करप्रमुखपद 1998 पर्यंत ठेवा, मग तहहयात सिनेटर व्हा. फक्त पाठीच्या ऑपरेशनला लंडनला जाऊ नका. तिथल्या दवाखान्यात ऑक्टोबर 1998 मध्ये एका स्पॅनिश न्यायाधीशाच्या वॉरंटवर पिनोशेंना अटक झाली. गावातला डॉक्टर काय वाईट असतो?

पण खरी माशी शिंकली ती घरीच, आणि ही गोष्ट वकिलासकट ऐका. ह्वान गुस्मान नावाचा न्यायाधीश, माणूस उजव्या वळणाचा, बंड झालं तेव्हा खूश झालेला. त्याच्याकडे ‘मृत्यूचा तांडा’ आला, म्हणजे ऑक्टोबर 1973 मध्ये हेलिकॉप्टरने गावोगाव उतरून कैद्यांना ठार मारणाऱ्या तुकडीचा खटला. त्याने कायदा वाचला आणि म्हणाला, खून 1973 चा असेल तर माफ, कबूल. पण काहींची प्रेतंच नाहीत. प्रेत नाही तर खून कशावरून? मग ते अपहरण. आणि माणूस सापडेपर्यंत अपहरण चालूच असतं, ते 10 मार्च 1978 ला संपलं कसं म्हणायचं? ऑगस्ट 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिनोशेंचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं. हो, तेच न्यायालय!

आता आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घेतात ते पाहा. 1978 च्या अखेरीला लोंकेनच्या चुन्याच्या भट्ट्यांत प्रेतं सापडली. लगेच हुकूम सुटला, जिथे जिथे पुरलीत ती उकरून काढा. या कामगिरीचं सांकेतिक नाव होतं ‘टीव्ही काढून नेणे’. उकरलेली कित्येक प्रेतं समुद्रात टाकली. माफीचा कायदा खिशात, आणि ज्या मुडद्यांमुळे तो लागू झाला असता तेच पाण्यात! तेव्हा साहेब, मारलंच असेल तर प्रेत ज्याचं त्याच्या घरी पोचवा आणि पोच घ्या.

हेही जमलं नाही तर प्रकृतीचा आधार आहेच. मार्च 2000 मध्ये ब्रिटनने पिनोशेंना तब्येतीच्या कारणावरून सोडलं, तर हे चिलीची राजधानी सांतियागोच्या विमानतळावर व्हीलचेअरमधून उठून चालायला लागले. निदान पार्किंगपर्यंत तरी कळ काढावी. 2001 मध्ये स्मृतिभ्रंश म्हणून खटला थांबला. 2003 मध्ये पिनोशेंनी मायामीच्या एका टीव्ही वाहिनीला मुलाखत दिली, स्वतःला देवदूत म्हणवलं, सगळं कसं व्यवस्थित आठवत होतं. पुढच्याच वर्षी कोर्टाने संरक्षण पुन्हा काढलं. वेड लागल्यावर कॅमेऱ्यासमोर जाऊ नये, एवढं घरच्यांनी तरी सांगायला हवं होतं.

तरी घाबरू नका. तुरुंगात जायला हाताखालचे असतात. गुप्त पोलिसांचे प्रमुख कॉन्त्रेरास शेकडो वर्षांच्या शिक्षा डोक्यावर घेऊन 2015 मध्ये गेले. पिनोशेंना शेवटपर्यंत एकही शिक्षा झाली नाही, म्हणजे नियोजन अगदीच फसलं असं नाही. गेले मात्र 10 डिसेंबरला, ऐन मानवी हक्क दिनी. तुम्ही जरा कॅलेंडर बघून जा.